पडदा काळा, पंखा चालू

मी बोलतोय. कोण, ते सांगतोच. पण आधी एक गोष्ट ऐकून ठेवा. मी मेलेलो नाही.

मी एक लॅपटॉप आहे. रंगाने राखाडी, अंगाने जाडसर, डाव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. मध्यंतरी तीन दिवस माझा पडदा काळाठिक्कर पडला होता. दिवा लागत होता, पंखा फिरत होता, आवाज खणखणीत होता. तरीही नाबल गावातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी मला मेलेला ठरवलं, आणि एकाने तर माझ्या कळा आणि पंखा सुटे करून न्यायची तयारी केली. तुम्ही माणसं तोंड बघता आणि निकाल देता. नाडी बघायची तसदी कोण घेतो?

जन्माचं फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या कारखान्यात झालो, हजारोंच्या घोळक्यात. तिथून थेट फ्रान्समधल्या एका विमा कचेरीत लागलो. चार वर्षं मी गळक्या छपरांचे आणि ठोकलेल्या गाड्यांचे अर्ज भरले. माझ्यावर काम करणाऱ्या बाई रोज दुपारी सफरचंद खायच्या आणि चिकट बोटांनी माझ्या कळा बडवायच्या. मी तक्रार केली नाही.

मग नवे लॅपटॉप आले आणि आम्हा साठ जणांना ‘टाकाऊ’ अशी चिठ्ठी लावून खोक्यांत भरलं. टाकाऊ म्हणे! साठांतले पंचावन्न धडधाकट होते. आम्ही समुद्र ओलांडला आणि ट्युनिस शहरातल्या जुन्या मालाच्या दुकानात फळीवर येऊन उभे राहिलो.

तिथे सिवार आली. तिशीतली, नखांत माती अडकलेली, बोलायला थोडी. इतर गिऱ्हाइकं वेग विचारायची, बॅटरी विचारायची. हिने मला सुरू केलं, पिशवीतून एक निळ्या झिलईची टाइल काढली, तिचा फोटो माझ्यावर उघडला आणि ती टाइल माझ्या पडद्याला लावून बघितली. मग दुकानदाराला म्हणाली, “याचा निळा निळाच दिसतो. हाच द्या.” चार वर्षांत माझी कुणी अशी परीक्षा घेतली नव्हती. मी तेव्हाच तिचा झालो.

सिवारचं घर नाबल या कुंभारांच्या गावात, आणि घरी तीन माणसं. ती स्वतः, तिचे बाबा मुंजी आणि त्यांची मोठी बहीण हनिया आत्या. पुढे अंगण, मागे भट्टी, मध्ये चित्रकामाची खोली. हनिया आत्याने माझ्या फ्रेंच कळांवर अरबी अक्षरांच्या चिकटपट्ट्या बसवल्या, दोन वाकड्या लावल्या, आणि “आता कसा आपला वाटतो,” असं म्हणून मोकळी झाली.

मुंजीला मात्र मी आपला वाटलो नाही. तो मला ‘डबा’ म्हणायचा. चाळीस वर्षं त्याने ताटं, वाडगे, टाइल रंगवल्या होत्या. सरूचं झाड, फुलांचा कलश, मासा. मासा तर असा काढायचा की डोळ्यापासून शेपटीपर्यंत कुंचला उचललाच नाही. “चित्र हातात असतं,” तो मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचा, “डब्यात नसतं.”

आणि मग त्याचा हात थरथरू लागला.

आधी सकाळचा थोडा वेळ, मग दिवसभर. डॉक्टरने सांगितलं की हे थांबणार नाही, वाढतच जाईल. त्या दिवसापासून सिवारने बापामागे धोशा लावला. हात ज्या वेळी निवांत असेल त्या वेळी त्याला कागदासमोर बसवायची, वरून फोन टांगायची आणि हात चालताना चित्रण करायची. दीड वर्षात हजारावर चित्रं आणि शेकड्यांनी फिती माझ्या पोटात जमा झाल्या. त्यात एक चित्र सगळ्यांत मोठं होतं, बाजारातल्या जुन्या पाणपोईच्या भिंतीचं. ती भिंत मुंजीच्या बापाने रंगवली होती. लहानपणी मुंजी तिथे रंगाची वाटी धरून उभा राहायचा, त्यामुळे पान न् पान त्याला पाठ होतं. त्याने ती आठवणीतून उतरवून दिली आणि पुढच्याच हिवाळ्यात नळ फुटून खरी भिंत कोसळली.

त्याच हिवाळ्याच्या ओलीने कपाटातले मूळ कागद बुरसून गेले. फोन भरला म्हणून सिवारने त्यातल्या फिती पुसल्या. “लॅपटॉपमध्ये आहेत ना,” ती म्हणाली. दुसरी प्रत करायची होती. करते, उद्या करते. तुम्हा माणसांचा हा ‘उद्या’ मी विमा कचेरीतही पाहिला होता; अर्धे अर्ज त्याच्यामुळेच यायचे.

एकदा दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाने मुंजीने रंगवलेला वाडगा उचलला, वेडीवाकडी रेघ पाहिली आणि हसून विचारलं, “हा कुणा पोराने रंगवला का?” त्या संध्याकाळी सिवारने त्याचे कुंचले गोळा करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिले. समोर दिसायला नकोत, उगाच जीव दुखायला नको, एवढाच तिचा हेतू. मुंजीनेही कधी विचारलं नाही. तो दारापाशी स्टुलावर बसून भाजलेली ताटं बोटाने वाजवून चिरलेली वेगळी काढायचा.

सिवारची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. रंगकाम करताना ती बापाच्या फिती लावून ठेवायची; त्यात तो हात चालवता चालवता समजावून सांगत असे. पण चित्रकामाच्या खोलीत मातीची धूळ फार. म्हणून तिने मला एकदा कायमचं बजावलं: झाकण मिटलं तरी काम थांबवायचं नाही, फक्त पडदा विझवायचा. मी जागा झालो की अर्धवट राहिलेली फीतच आधी पुढे यावी, अशीही सोय तिने करून ठेवली होती. मी हुकमाचा ताबेदार. झाकण मिटलं की पडदा विझवायचो आणि आतून मुंजीचा आवाज ऐकवत राहायचो. धूळ तरीही शिरायचीच. माझ्या कुशीत मोठ्या पडद्याची केबल लावायचं भोक आहे. केबल कधी कुणी लावली नाही, आणि त्या भोकात माती गच्च बसलीय हेही कुणाला कळलं नाही.

आता त्या रविवारकडे येतो. नारिंगीच्या फुलांचे दिवस होते. हनिया आत्या स्वयंपाकघरात तांब्याचं भांडं मांडून फुलांचा अर्क काढत होती आणि घरभर वास कोंदला होता. तेव्हा जलीलाबाई आल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आणि आता पाणपोई पुन्हा उभी करणाऱ्या मंडळाच्या प्रमुख. कंत्राटदार त्यांच्यामागे लागला होता की कारखान्यात छापलेल्या टाइल लावून टाकू, कोण बघतंय? जलीलाबाईंना जुनीच भिंत हवी होती. गुरुवारी मंडळासमोर पूर्ण चित्र आलं तर काम मुंजीच्या घरचं. नाही आलं तर छापील.

सिवारने माझ्यावर भिंत उघडून दाखवली. जलीलाबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“अगं बाई! काय सुंदर! डोळ्यांचं पारणं फिटलं! आणि हा जुना लॅपटॉप किती छान चालतोय गं अजून! माझा नवा घेतलेला सारखा अडतो.”

मागे चहाचं तबक घेऊन हनिया आत्या उभी होती. तबकातले पेले किणकिणले.

जलीलाबाईंची पाठ वळते न वळते तोच आत्या फुटली. कौतुक करताना दृष्ट लागू नये म्हणून ‘तबारकल्लाह’ म्हणायचं, अशी इथली रीत. “तोंडातून एकदा तरी ‘तबारकल्लाह’ निघालं का? एकदा तरी?”

“आत्या, त्यांच्या मनात काही नसतं गं.”

“मनात नसेल. डोळ्यात असतं.”

“एवढं चांगलं बोलून गेल्या त्या.”

“तेच तर! चांगलं बोलणाऱ्यांचीच लागते. शिव्या देणाऱ्याची कधी दृष्ट लागलेली ऐकलीस का?”

सिवार हसली आणि भट्टीकडे गेली. आत्या दुकानातल्या फळीवरून एक खम्सा घेऊन आली. खम्सा म्हणजे पाच बोटांचा पंजा, वाईट नजरेच्या तोंडावर धरायचा. हा मातीचा, बोटभर, प्रवाशांसाठी साच्यातून काढलेला. घरी नेऊन फ्रिजला डकवायचा म्हणून पाठीत लोहचुंबक बसवलेला आणि वरून कापड चिकटवलेलं. आत्याने त्याला गोंद लावला आणि लिहिताना तळहात टेकतो त्या जागी, उजव्या काठाला, पक्का दाबून बसवला. “पाच बोटं बघणारीच्या डोळ्यात,” असं पुटपुटून तिने मला गोंजारलंसुद्धा. तिच्या मायेबद्दल माझं काही म्हणणं नाही, हे मी आजही सांगतो.

सोमवारी सकाळी सिवारने झाकण उघडलं, बटण दाबलं. मी जागा झालो. दिवा लावला, पंखा फिरवला. तेवढ्यात आतून निरोप आला: झाकण मिटलेलं आहे. मी पडदा विझवला. काय चुकलं माझं? मला तसंच शिकवलं होतं. आणि झाकण उघडं आहे की मिटलेलं, हे मला दिसत नाही. माझ्या काठाजवळची एक जाणीव सांगते तेच मी खरं मानतो.

“सुरू तर होतोय,” सिवार म्हणाली, “पण काही दिसत नाही.”

तिने उजेड वाढवायची कळ दाबली. मग चार्जर काढून बटण तीस आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं. अंधार करून पडद्यावर तिरपा टॉर्च मारला, आत पुसट काही दिसतंय का म्हणून. फोनवर वाचून सगळं केलं, शिस्तीत केलं. प्रत्येक वेळी मी निमूटपणे जागा झालो, आणि प्रत्येक वेळी तोच निरोप.

आत्या दारात आली. माझा काळा पडदा पाहिला आणि तिने छातीवर हात मारला. “सांगितलं नव्हतं मी? रात्रीतून लागली! खम्सा लावायला मला उशीर झाला.”

“आत्या, तुझी फुलांची वाफ तर नाही ना गेली आत?” सिवारने सहज विचारलं.

आत्याचा चेहरा उतरला. तांब्याचं भांडं दोन दिवस माझ्या खोलीच्या दारासमोरच उकळत होतं, हे तिलाही ठाऊक होतं. मग ती दुप्पट आवाजात म्हणाली, “वाफ? माझ्या वाफेला नावं ठेवतेस? ही जलीलाची करणी आहे, जलीलाची!” तिने निखाऱ्यावर तुरटी टाकली, फुगून डोळ्यासारखी झालेली तुरटी सगळ्यांना दाखवली, आणि माझ्यावरून सात वेळा धूर ओवाळला. दुपारी जलीलाबाईंनी दार वाजवलं तर आतूनच ओरडली, “घरात कुणी नाही!” चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय. चोर माझ्या काठावर बसून आराम करत होता.

मंगळवारी सिवार मला लम्जदकडे घेऊन गेली. स्टेशनजवळ दुरुस्तीचं दुकान, तोंडाची टकळी अखंड चालू.

“घाबरू नका ताई. यापेक्षा मेलेले उठवलेत मी,” तो म्हणाला आणि खम्सा दिसताच एकदम हात मागे घेतला. “हा कुणी लावला?”

“आत्याने.”

“मग याला धक्का लावायचा नाही. दुसऱ्याची दृष्ट ओढून घेतलेला खम्सा जो काढेल त्याच्या बोटांवर बसते ती. आणि माझं पोट बोटांवर आहे, ताई. मी याला पालथा घालूनच काम करतो.”

आणि त्याने खरंच मला उपडा निजवला. पोटाचे स्क्रू काढले, बॅटरी सोडवली, मेमरीची पट्टी काढून खोडरबरने घासली, फुंकर मारून परत बसवली. पडद्याकडे जाणारी वायर दाबून बघितली. काम चोख होतं, उगाच का बोला. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा! मला ओरडावंसं वाटत होतं की बाबा रे, मला उताणा कर, तुझ्या मनगटाखाली बघ.

शेवटी त्याने मोठ्या पडद्याची केबल माझ्या कुशीत खुपसली. तिथे माती. केबल टेकली, आत गेली नाही, आणि मोठा पडदाही काळाच राहिला. लम्जदने सुस्कारा सोडला.

“इथेही नाही, तिथेही नाही. चित्र दाखवणारी चिपच जळलीय, ताई. मदरबोर्ड गेला.”

“आतलं सामान तरी काढून द्या. चित्रं आहेत माझ्या बाबांची.”

“या जातीत सामान बोर्डवरच डाख देऊन पक्कं बसवलेलं असतं. वेगळं निघत नाही. नवा बोर्ड टाकला तर लॅपटॉप उठेल, चित्रं नाही उठायची.” त्याने आवाज खाली आणला. “वाईट वाटून घेऊ नका. मी सुट्या भागांसाठी घेतो. कळा छान आहेत, पंखा तर नव्यासारखा. उद्या दुपारी घरी येऊन नेतो.”

पंखा नव्यासारखा! तो फिरवतोय कोण, हे त्याने विचारलं नाही. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच आलं, की घेऊन तर बघ. स्क्रू एकेक करून काढशील, पण शेवटच्या स्क्रूपर्यंत मी फिरत राहीन.

बुधवारी दुपारी सिवारने मला चित्रकामाच्या खोलीत मेजावर ठेवलं. माझ्या अंगावरची धूळ पुसायला लागली, जसं दूर पाठवायच्या माणसाचे कपडे नीट करावेत तसं. पुसता पुसता रडायला लागली. मुंजी दारापाशी स्टुलावर होता. त्याला तिने सगळं सांगितलं होतं, आणि तो फक्त “हं” म्हणाला होता.

रडतच तिने बटण दाबलं. काळ्या पडद्यासमोर बसून आंधळेपणाने परवलीचा शब्द टाइप केला. मी आत घेतल्याची घंटी वाजवली. ती थबकली. मग रोजच्या सवयीने तिने मोठी आडवी कळ दाबली, आणि रविवारी अर्धवट राहिलेली फीत मी पुढे सुरू केली. पडदा दाखवू देत नाहीत? नका देऊ. आवाज माझ्या मालकीचा होता.

“...कुंचला दाबायचा नाही, टेकवायचा,” मुंजीचा दोन वर्षांपूर्वीचा आवाज खोलीत घुमला. “आता डोळा. डोळ्यापासून निघालीस की शेपटीपर्यंत श्वास सोडायचा नाही. हां... बघ. एका दमात.”

स्टूल सरकल्याचा आवाज आला. मुंजी उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

“हा बोलतोय,” तो म्हणाला.

“आवाज येतो, बाबा. चित्र येत नाही.”

“मग मेला कसा? आवाज येतोय त्याला पुरतात का कुठे?”

मुंजी वाकला, माझ्याकडे बघू लागला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याने मला नीट पाहिलं असेल. आणि त्याची नजर खम्सावर पडली.

“हे काय आहे?”

“आत्याने लावलाय. दृष्टीसाठी.”

“हे? या घरात? बोटं बघ, सुजल्यासारखी. अंगठा आहे की वांगं? साच्यातली घाण!” आवाज चढला तसा हातही जोरात थरथरू लागला. “माझी सगळी चित्रं ज्याच्या पोटात आहेत, त्याच्या कपाळी हे भिकार काम? जाणारच असेल तर जाऊ दे, पण असल्या पंजाखाली माझ्या घरातून नाही जाणार. माझा सुरा दे. मी चांगला रंगवतो.”

हनिया आत्या स्वयंपाकघरातून धावत आली. “मुंजी! हात लावू नकोस! तुझ्या हाताला बाधेल ते!”

“या हाताला?” मुंजीने थरथरता हात तिच्यासमोर धरला. “ताई, आता अजून काय बाधायचं राहिलंय याला?”

आत्या बाजूला झाली.

“सिवार, सुरा. आणि माझे कुंचले आण.”

सिवार जागची हलली नाही. तिचे डोळे कपाटाकडे गेले आणि लगेच खाली झुकले.

“वरच्या कप्प्यात आहेत,” मुंजी म्हणाला. “वर्ष झालं, मला माहीत आहे. रोज वाटायचं, आज ही काढून देईल.”

“तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून ठेवले, बाबा.”

“माहीत आहे. म्हणून तर मागितले नाहीत.”

तिने सुरा दिला. मातीच्या कडा तासायचा, पातळ पात्याचा. मुंजीने तो खम्साखाली सरकवला. हात इतका हलत होता की पातं माझ्या अंगावर चार ठिकाणी घसरलं. ते ओरखडे अजून आहेत. तिसऱ्या हिसक्याला गोंद सुटला, पंजा उडून जमिनीवर पडला आणि मला निरोप आला: झाकण उघडलं.

मी पडदा पेटवला.

सगळ्या ताकदीनिशी पेटवला, एवढंच सांगतो. फीत चालूच होती. पडद्यावर मुंजीचा हात होता, दोन वर्षांपूर्वीचा, पाण्यासारखा शांत. तो माशाच्या डोळ्यापासून निघाला आणि शेपटीपर्यंत गेला, एका दमात. पडद्यासमोर तोच हात सुरा धरून थरथरत होता. मग मुंजी खुर्चीत बसला आणि मोठ्याने रडला. मी त्याला तसं रडताना कधी पाहिलं नव्हतं.

सिवारने डोळे पुसले, जमिनीवरून खम्सा उचलला आणि पुन्हा माझ्या काठाजवळ आणला. पडदा विझला. दूर नेला, पेटला. जवळ, विझला. ती खुळ्यासारखी हसायला लागली.

“आत्या! या खम्साच्या पाठीत लोहचुंबक आहे. आणि लॅपटॉपच्या झाकणातही असतो. तो काठाजवळ आला की हा समजतो, झाकण मिटलं. तीन दिवस हा बापडा झाकण मिटलंय असं समजून बसला होता!”

आत्याने कमरेवर हात ठेवले. तिला शरण येणं माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तिच्यातला हा गुण मला आवडतो. “म्हणजे माझ्या वाफेने काही झालं नव्हतं,” ती म्हणाली. “आणि खम्साचं म्हणशील तर त्याने तीन दिवस दृष्ट धरून ठेवली, काम झालं, निघाला. यात त्याचं काय चुकलं?”

“आणि जलीलाबाईंचं?”

आत्या स्वयंपाकघराकडे वळली. थोड्या वेळाने ती फुलांच्या अर्काची सगळ्यांत मोठी बाटली फडक्यात गुंडाळताना दिसली.

लम्जद पिशवी घेऊन आला तेव्हा मी उजळून बसलो होतो. त्याने मला पाहिलं, खम्सा पाहिला, कपाळावर हात मारला. “ताई, खरं सांगतो, सगळं शिकलो, पण खम्साला हात लावायला कुणी शिकवलं नाही.” मग लाजत त्याने टाचणी घेऊन माझ्या कुशीतली माती कोरून काढली आणि चहा न घेताच गेला. पिशवी रिकामी परत गेली याचा आनंद मला झाला, लपवत नाही.

त्याच संध्याकाळी सिवारने सगळ्या चित्रांच्या दोन प्रती केल्या. एक घरी, एक जलीलाबाईंकडे. ‘उद्या’ हा शब्द तिने उच्चारला नाही. गुरुवारी मंडळाने आमच्याच घरी, माझ्यासमोर बसून भिंत पाहिली. जलीलाबाई म्हणाल्या, “तबारकल्लाह,” आणि दाराकडे बघून पुन्हा म्हणाल्या, “तबारकल्लाह, हनिया.” आतून पेल्यांचा किणकिणाट आला, पण या वेळचा वेगळा होता.

भिंत आता लागलीय. तीनशे टाइल सिवारने माझ्याकडे बघून रंगवल्या. एक सोडून. खाली उजव्या कोपऱ्यातला मासा मुंजीने रंगवला, दिवसाला दोन-दोन बोटं रेघ ओढत. कंत्राटदाराने ती टाइल बघून म्हटलं, “ही बिघडलीय, रेघ हललीय. बदलून द्या.”

“ती बदलायची असेल,” मुंजी म्हणाला, “तर उरलेल्याही उचलून ने.”

ती बदलली नाही. पाणी प्यायला वाकलेली पोरं बरोबर त्याच माशावर बोट फिरवतात, असं सिवार सांगते. रेघ हलते म्हणून मासा पोहतोय असं त्यांना वाटतं.

आता मी म्हातारा झालोय. बॅटरी तासाभरात धाप टाकते, दोन कळा अडतात. एक दिवस पडदा खरंच जाईल, मला ठाऊक आहे. जाऊ दे. चित्रं आता तीन ठिकाणी आहेत, मला कुणी धाक घालू शकत नाही. पण ज्यांना पुढे माझ्यासारखा कुणी भेटेल, यंत्र असो की माणूस, त्यांना एकच सांगणं आहे. तोंड काळं दिसलं म्हणून सुटे भाग मोजायला बसू नका. आधी कान लावा. मग त्याच्या अंगावर तुम्हीच मायेने काय चिकटवून ठेवलंय, किंवा त्याच्यापासून मायेनेच काय लपवून ठेवलंय, ते बघा.

माझ्या झाकणावर मुंजीने खम्सा रंगवला आहे. त्यात लोहचुंबक नाही, नुसता निळा रंग. पाचही बोटं थरथरलेली. कुंचले खालच्या फळीवर असतात, आणि रोज सकाळी ते घ्यायला आला की तो आधी माझ्या झाकणावर टिचकी मारतो.

“आहेस का रे डब्या?”

मी पंखा फिरवतो.

“आहे,” तो सिवारला सांगतो, आणि कामाला बसतो.